साक्षी आणि साक्षीदार

१

१७ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या एका विद्यापीठातील संगणकाने एक दीर्घ गणित पुरे केले. दोनचा ७,४२,०७,२८१ वा घात घेऊन त्यातून एक वजा केला असता जी संख्या येते ती मूळ संख्या आहे, असा त्या गणिताचा निष्कर्ष होता. २,२३,३८,६१८ अंकांची ही संख्या तोवर ज्ञात असलेल्या प्रत्येक मूळ संख्येहून मोठी होती. संगणकाने आपला निकाल मध्यवर्ती यंत्राकडे धाडला आणि तेथे त्याची नोंदही झाली. मात्र अशा निकालाची वर्दी संबंधित माणसांना देणारे पत्र काही दोषामुळे निघालेच नाही. पुढे ७ जानेवारी २०१६ रोजी यंत्रणेची नित्याची देखभाल चालू असताना ती नोंद माणसाच्या दृष्टीस पडली. मधले ११२ दिवस ती कोणी न वाचलेल्या पत्रासारखी पडून होती.

या संख्येच्या शोधाची तारीख कोणती धरावयाची, असा प्रश्न त्यामुळे उद्भवला. जगभरच्या स्वयंसेवकांचे संगणक एकत्र गुंफून १९९६ पासून अशा संख्यांचा शोध घेणाऱ्या प्रकल्पाने ७ जानेवारी हीच तारीख अधिकृत ठरविली. यंत्राने गणित संपविले तो दिवस शोधाचा नसून माणसाने तो निकाल पाहिला तो दिवस शोधाचा, असा याचा अर्थ होतो. या निर्णयाला एक जुना दाखला होता. १९६१ साली अलेक्झांडर हुर्विट्झ या गणितज्ञाच्या संगणकाने एकाच खेपेत दोन मोठ्या मूळ संख्या शोधल्या. दोनच्या ४२५३ व्या घातातून एक वजा केल्यावर येणारी संख्या १२८१ अंकी, तर ४४२३ व्या घातातून येणारी १३३२ अंकी. यंत्राने अर्थातच लहान संख्या आधी तपासली होती. परंतु छापील कागदांची चळत अशी रचली गेली होती की हुर्विट्झ यांच्या नजरेस मोठी संख्या आधी आली आणि लहान संख्या काही क्षणांनी. तेव्हा लहान संख्या ही क्षणभर तरी सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती काय? प्रघात असा पडला की नव्हती. कारण ती ज्ञात झाली त्यापूर्वीच तिच्याहून मोठी संख्या ज्ञात झालेली होती.

यंत्राने काढलेला निकाल माणसाने पाहिल्याशिवाय त्याला शोध म्हणता येईल काय, असा प्रश्न जॉन सेल्फ्रिज यांनी त्या वेळी विचारला होता. त्यावर हुर्विट्झ यांनी केलेला प्रतिप्रश्न अधिक मार्मिक आहे. यंत्राला काय कळले ते बाजूला ठेवू. पण कागदांची चळत लावणाऱ्या कर्मचाऱ्याने जाता जाता त्या कागदावर नजर टाकली असेल, तर काय म्हणायचे?

वरवर पाहता हा विद्वानांचा विनोद वाटेल. वस्तुतः त्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. संख्या त्या ११२ दिवसांतही मूळच होती; त्याआधीच्या अनादि काळातही ती मूळच होती. सत्याला जाणत्याची गरज नसते. ज्ञानाला मात्र ती असते, आणि तो जाणता कोणत्या प्रकारचा असावा लागतो हे ठरविणे दिसते तितके सोपे नाही.

२

मूळ संख्येची व्याख्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते: जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज अन्य विभाजक नाही ती मूळ संख्या. या व्याख्येचा गाभा ‘नाही’ या शब्दात आहे. एखादी संख्या मूळ आहे असे म्हणणे म्हणजे तिच्या ठायी विभाजकांचा अभाव आहे असे म्हणणे होय. आणि अभावाचे ज्ञान कसे होते हा भारतीय तत्त्वचिंतनातील एक जुना वाद आहे. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कशाने कळते? नैयायिकांच्या मते प्रत्यक्षानेच. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी मात्र त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. परंतु केवळ न दिसणे पुरेसे नसते. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असावी लागते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो तेथे नाही असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

३१ या संख्येची खोली उजेडात आहे. दोन, तीन आणि पाच यांनी भागून पाहावे. तिघांनीही भाग जात नाही. सात व सात यांचा गुणाकार एकतीसहून मोठा असल्यामुळे पुढे शोधण्याचे कारण उरत नाही. विभाजक असता तर तो येथेच सापडला असता. हीच रीत सव्वादोन कोटी अंकांच्या संख्येला लावू गेल्यास ज्या भाजकांनी भागून पाहावे लागेल, त्यांची नुसती गणती लिहायलाच एक कोटीहून अधिक अंक लागतील. विश्वाचे सारे आयुष्य खर्ची घातले तरी ते काम संपणार नाही. येथे खोली अंधारी आहे आणि दिवा घेऊन प्रत्येक कोपरा पाहणे अशक्य आहे.

या अंधाराची जाणीव मरिन मर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती संन्याशाला होती. दोनच्या घातातून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्यांना आज त्याचेच नाव आहे. १६४४ साली त्याने २५७ पर्यंतच्या घातांची एक यादी प्रसिद्ध केली आणि त्यांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हे घातच मूळ संख्या देतात असे सांगितले. पंधरावीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सारा काळही पुरा पडणार नाही, अशा आशयाचे विधान त्यानेच केले होते. तरीही त्याच्या यादीत तब्बल ७८ अंकांची संख्या आहे. या यादीचा आधार त्याने सांगितला नाही. ती तपासायला पुढच्यांना तीनशे वर्षे लागली. ऑयलरने १७७२ साली ३१ व्या घाताची संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. १८८३ साली पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूने दाखविले की यादीतून ६१ हा घात सुटला आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ८९ आणि १०७ हेही सुटल्याचे उघड झाले. उलट, ६७ आणि २५७ हे घात यादीत असूनही त्यांच्या संख्या संयुक्त निघाल्या. मर्सेनच्या यादीत अशा पाच चुका आहेत.

अंधाऱ्या खोलीत दिवा लावण्याची युक्ती फ्रेंच गणितज्ञ एद्वार ल्यूका याने शोधली आणि १९३० साली डी. एच. लेमर या अमेरिकन गणितज्ञाने तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. चार या संख्येपासून प्रारंभ करावा. तिचा वर्ग करून दोन वजा करावेत, उत्तराला तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्यावी. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. ही क्रिया घाताच्या अंकाहून दोन कमी इतक्या वेळा करावी. अखेर बाकी शून्य आली तर संख्या मूळ आणि न आली तर संयुक्त. ३१ हा दोनच्या पाचव्या घातातून एक वजा करून येतो, म्हणून येथे तीन पायऱ्या. चाराचा वर्ग उणे दोन म्हणजे १४. चौदाचा वर्ग उणे दोन म्हणजे १९४, आणि त्याला ३१ ने भागता बाकी ८. आठाचा वर्ग उणे दोन म्हणजे ६२, आणि त्याची बाकी शून्य. येथे एकही विभाजक शोधावा लागला नाही. असंख्य ठिकाणी काहीतरी ‘नाही’ असे पाहत जाण्याऐवजी एका ठरावीक ठिकाणी शून्य ‘आहे’ एवढेच पाहावे लागले. अभावाचा प्रश्न भावाच्या प्रश्नात रूपांतरित झाला. या युक्तीच्या पूर्वरूपाच्या आधारे ल्यूकाने १८७६ साली १२७ व्या घाताची ३९ अंकी संख्या हातानेच तपासून मूळ ठरविली. पुढची पाऊणशे वर्षे तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणाला सापडली नाही.

३

त्याच १८७६ साली ल्यूकाने मर्सेनच्या यादीतील ६७ वा घातही तपासला. ही २१ अंकी संख्या संयुक्त आहे असे त्याच्या रीतीने निष्पन्न झाले. तिचे विभाजक कोणते, हे मात्र ती रीत सांगत नव्हती. म्हणजे संख्येला विभाजक आहेत हे कळले होते आणि त्यांपैकी एकही कोणी पाहिलेला नव्हता. ही स्थिती सत्तावीस वर्षे टिकली.

१९०३ च्या ऑक्टोबरात अमेरिकन गणितपरिषदेच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते विभाजक सादर केले. गणितज्ञ ई. टी. बेल यांनी पुढे सांगितलेली या प्रसंगाची कथा प्रसिद्ध आहे. तिच्यातील रंग किती खरे हा प्रश्न निराळा. कोल फळ्यापाशी गेले आणि एक शब्दही न उच्चारता त्यांनी दोनचा ६७ वा घात मांडून त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागावर १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ या दोन संख्यांचा गुणाकार केला. दोन्हीकडे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ हेच उत्तर आले. कोल जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्या वाजविल्या. हे विभाजक शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले, असे त्यांनी बेल यांना सांगितल्याचे म्हणतात.

तीन वर्षांचे श्रम पडताळून पाहायला सभेला काही मिनिटे पुरली. कोल यांच्यावर विश्वास ठेवण्याची तेथे कोणालाच गरज नव्हती. त्यांनी काही प्रतिपादन केले नाही, केवळ दाखविले. आणि पाहणारा प्रत्येक जण त्या सत्याचा स्वतंत्र साक्षीदार झाला. त्यांच्या मौनाचे मर्म हेच असावे. ल्यूकाचे ज्ञान खरे होते, परंतु ते स्वीकारण्यासाठी त्याची रीत समजून घेणे आणि त्याचे दीर्घ गणित पुन्हा करणे भाग होते. कोल यांचे ज्ञान गुणाकार येणाऱ्या कोणाच्याही हाती देता येत होते.

संयुक्त संख्या आपला पुरावा अशा रीतीने पदरी बाळगून असते: विभाजक दाखवा, वाद मिटला. मूळ संख्येपाशी तसा सहज पुरावा नसतो. पुढे १९७५ साली व्हॉन प्रॅट यांनी दाखविले की प्रत्येक मूळ संख्येलाही तिच्या मूळपणाचे एक आटोपशीर प्रमाणपत्र असते, फक्त ते शोधून काढणे अवघड असू शकते. २००२ साली कानपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे, कोणतेही अप्रमाणित गृहीतक न घेता, तिच्या अंकसंख्येच्या मानाने मर्यादित पायऱ्यांत ठरविता येते, असे त्यांनी सिद्ध केले. मात्र पायऱ्या मर्यादित असणे वेगळे आणि त्या माणसाच्या आवाक्यात असणे वेगळे.

४

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी दोनच्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून एक वजा केल्यावर येणारी संख्या मूळ असल्याचे अमेरिकेतील टेक्सस राज्यातल्या एका यंत्राने ल्यूका व लेमर यांच्या रीतीने ठरविले. आदल्या दिवशी आयर्लंडमधील डब्लिन येथील यंत्राने निराळ्या कसोटीवर तिला ‘बहुधा मूळ’ म्हटले होते. हा शोध ल्यूक ड्युरंट यांच्या नावावर आहे. संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. एका पानावर दोन हजार अंक छापले आणि पाचशे पानांचा एक खंड केला, तर एकेचाळीस खंड भरून बेचाळिसाव्यातली तेरा पाने लागतील. सेकंदाला एक अंक या गतीने अहोरात्र वाचणाऱ्याला ती संपवायला पावणेपाचशे दिवस लागतील. आणि वाचून झाल्यावरही ती मूळ आहे की नाही याविषयी त्याला काहीच कळलेले नसेल. तिच्या परीक्षेत साडेतेरा कोटींहून अधिक वेळा वर्ग करणे आणि बाकी घेणे आले. यांतली एक पायरी चुकली तरी पुढचे सारे व्यर्थ. ही परीक्षा कोणाही माणसाने पाहिलेली नाही आणि कोणी पाहूही शकणार नाही. तरीही ‘ही संख्या मूळ आहे हे आपल्याला माहीत आहे’ असे म्हटले जाते. हे म्हणणे कोणत्या आधारावर?

येथे अनुमानाचे जुने पृथक्करण उपयोगी पडते. पर्वतावर धूर आहे, म्हणून तेथे अग्नी आहे, या अनुमानाला दोन आधार लागतात. जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती माहीत असावी लागते, आणि या पर्वतावर धूर आहे हे कोणीतरी पाहिलेले असावे लागते. प्रस्तुत प्रकरणी ‘जेथे अखेरची बाकी शून्य तेथे संख्या मूळ’ ही व्याप्ती आहे. तिची सिद्धता चार पानांत मावते आणि गणिताचा कोणताही अभ्यासू विद्यार्थी ती पूर्णपणे समजून घेऊ शकतो. ती निखळ मानवी ज्ञान आहे. धूर मात्र यंत्राने पाहिला. या संख्येच्या बाबतीत शून्य खरोखर आले, हे यंत्राने सांगितले म्हणून मानावयाचे.

मग हे शब्दप्रमाण ठरते काय? न्यायदर्शन आप्ताच्या वचनाला प्रमाण मानते. आप्त कोण, हे सांगताना भाष्यकार वात्स्यायन दोन गोष्टींची अपेक्षा करतो. त्याने ती वस्तू स्वतः नीट जाणलेली असावी आणि जशी जाणली तशीच इतरांना सांगण्याची इच्छा त्याला असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो सांगतो. सांगणाऱ्याचे कूळ पाहायचे नाही, त्याचे ज्ञान आणि त्याचा प्रामाणिकपणा पाहायचा, ही दृष्टी आजही ताजी वाटते. यंत्राला ती लावून पाहिली तर काय दिसते? यंत्राला फसविण्याची इच्छा नसते, म्हणून ते माणसाहून अधिक विश्वसनीय असे कोणी म्हणेल. परंतु त्याला खरे सांगण्याचीही इच्छा नसते. शून्य आले काय आणि न आले काय, त्याला दोन्ही सारखेच. आपले म्हणणे चुकीचे निघाले तर ते मागे घेण्याचे दायित्व त्याच्यावर नाही. चुकल्याची खंतही नाही. म्हणून यंत्र बिनचूक असले तरी आप्त होत नाही.

यावर दुसरा आक्षेप येतो. मोठ्या संख्येचा निकाल हाती आला की तो वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या आज्ञावलींनी, वेगळ्या माणसांकडून पुन्हा तपासला जातो. २०२४ च्या संख्येचीही अशी फेरतपासणी झाल्यावरच ती जाहीर झाली. पण तपासणारीही यंत्रेच. त्यांची तपासणी कोणी करायची? आणि त्या तपासणाऱ्यांची? हा उघड अनवस्था दोष आहे आणि केवळ यंत्रांची रांग वाढवून तो दूर होणार नाही. प्रत्येक नवी तपासणी चुकीची शक्यता कमी करते, ती शून्यावर आणत नाही.

ही रांग व्यवहारात थांबते ती माणसापाशी. कोणीतरी पुढे येऊन म्हणतो: ही रीत, ही आज्ञावली, ही यंत्रे, निकाल असा आहे, ज्याला शंका असेल त्याने हे सारे घ्यावे आणि स्वतः करून पाहावे, चूक आढळली तर ती माझी. या म्हणण्यात कोल यांच्या फळ्यावरची पारदर्शकता नाही. तरी मर्सेनच्या यादीत जे नव्हते ते यात आहे: आधार उघड करण्याची तयारी आणि उलटतपासणीला उभे राहण्याची तयारी.

५

मराठीत ‘साक्षी’ आणि ‘साक्षीदार’ असे दोन शब्द आहेत. वेदान्तातला साक्षी केवळ पाहतो. तो कर्ता नाही, भोक्ता नाही. घडणाऱ्या गोष्टींचे त्याच्यावर ओझे नाही. साक्षीदार न्यायालयात उभा राहतो. आपण काय पाहिले, कोठून पाहिले, उजेड किती होता, हे त्याला सांगावे लागते. त्याला प्रश्न विचारता येतात आणि त्याचे खोटे ठरले तर ते त्याच्या नावावर राहते. एकच मूळ शब्द. पण एकात निर्लेपता आहे आणि दुसऱ्यात दायित्व.

हुर्विट्झ यांच्या प्रतिप्रश्नाचे उत्तर या भेदात सापडते. चळत लावणाऱ्या त्या कर्मचाऱ्याने कागदावर नजर टाकली असेलही. तो साक्षी झाला असेल. साक्षीदार झाला नाही. आपण काय पाहिले हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्याविषयी तो कोणाला उत्तरदायी नव्हता. कर्मचारी होता म्हणून तो उणा ठरतो असे मात्र नव्हे. त्या आकड्यांचा अर्थ जाणून तो ते घेऊन पुढे आला असता, तर शोध त्याचा ठरला असता. मिसुरीतल्या नोंदीचेही तेच. ११२ दिवस तेथे एक सत्य लिहिलेले होते. ‘हे खरे आहे’ असे म्हणणारा कोणी नव्हता. ७ जानेवारीला सत्यात काडीचीही भर पडली नाही. भर पडली ती एका माणसाच्या दायित्वात.

एवढ्या मोठ्या संख्येचा उपयोग काय, असे विचारले जाते. गुप्तलेखनाला मूळ संख्या लागतात हे खरे. परंतु तेथे काहीशे अंकांच्या संख्या पुरतात, चार कोटी अंकांच्या संख्येला तेथे काम नाही. या संख्या अनंत आहेत की नाहीत हेही अद्याप सिद्ध झालेले नाही. मूळ संख्या अनंत आहेत हे मात्र युक्लिडच्या काळापासून माहीत आहे, आणि म्हणून आज मिळवलेला ‘सर्वांत मोठी’ हा मान उद्या जाणारच आहे. परंतु ही निरुपयोगिता प्रस्तुत विचाराला उपकारकच ठरते. औषधाची चाचणी, निवडणुकीची मोजदाद, न्यायालयातला पुरावा यांचे निष्कर्षही आज अनेकदा यंत्रे काढून देतात. पण तेथे इतके हितसंबंध गुंतलेले असतात की ‘माहीत आहे’ या शब्दांचा अर्थ वेगळा काढून पाहता येत नाही. येथे कोणाचेच काही अडलेले नाही. म्हणून तो अर्थ येथे स्वच्छ दिसतो.

तो अर्थ असा की पाहण्याचे काम यंत्राकडे सोपविता येते, साक्ष देण्याचे सोपविता येत नाही. जितका धूर यंत्रे पाहतील तितके ‘तेथे अग्नी आहे’ असे सांगणाऱ्या माणसाचे दायित्व वाढत जाईल, कारण त्याने स्वतः पाहिलेला भाग कमी कमी होत जाईल. मर्सेनने आधार न देता यादी दिली, तेव्हा ती खोडून काढायला तीनशे वर्षे मिळाली आणि दरम्यान कोणाची हानी झाली नाही. संख्यांना त्याचे नाव आहे ते त्याच्या बिनचूकपणामुळे नव्हे. पुढच्यांनी त्याची प्रत्येक नोंद साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी केली म्हणून आहे. इतर क्षेत्रांत एवढा अवधी मिळतोच असे नाही.